पिकअपला मागे लॉक हवे

आनेकलजवळ आमच्या काकांची गुलाबाची शेती आहे. यंदा ते नवी पिकअप घेणार आहेत. सुट्टीत घरी एकच वाद चालला होता : मागच्या ॲक्सलला लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल हवे की लॉकिंग? माझे मत लॉकिंगला आहे.

परेडवर ‘दाहिने घूम’ झाले की आतला कॅडेट पाऊल आखूड टाकतो, बाहेरचा लांब. वळणावर चाकांना हीच मोकळीक डिफरन्शियल देते. पण साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना जोर सारखाच वाटते. एक चाक चिखलात गरगरू लागले की त्याला जोर लागतच नाही. मग कोरड्यावरच्या चाकालाही तेवढाच मिळतो आणि गाडी जागची हलत नाही.

लिमिटेड-स्लिप हा फरक कमी करते. ओल्या डांबरी रस्त्यावर ते उत्तम, बटणही दाबावे लागत नाही. पण एक चाक खड्ड्यावर अधांतरी राहिले तर त्याची मदत तोकडी पडते. शिवाय क्लचच्या चकत्या असलेल्या प्रकारात त्या झिजतात. लॉक मात्र दोन्ही चाके एकत्र बांधते. ज्या चाकाला पकड आहे ते गाडी ओढून काढते.

काका म्हणतात, “त्यापेक्षा फोर-व्हील ड्राइव्ह घेऊ.” पण त्यातही डिफरन्शियल साधी असली तर पुढचे एक आणि मागचे एक चाक फिरत राहून गाडी अडकू शकते. म्हणूनच पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखाला पुढे-मागे दोन्हीकडे लॉक आहे. 2025 मध्ये आपल्या संरक्षण दलांनी अशा 2978 गाड्यांची ऑर्डर दिली. पिकअपमध्ये टोयोटा हायलक्सला मागे लॉक मिळते, पण ती महाग आहे. काकांना एवढी गाडी नको. मागचे एक लॉक पुरे.

लॉकचे तोटेही आहेत. कोरड्या डांबरावर ते लावून वळले तर टायर घासतात, गाडी सरळच जाऊ पाहते आणि ॲक्सलवर ताण येतो. म्हणून चिखलात शिरण्याआधी लावायचे, डांबर लागताच काढायचे. ज्याची गाडी फक्त शहरात फिरते त्याने यावर पैसे घालू नयेत. चांगले टायर घ्यावेत.

आमच्याकडे पावसाळ्यात शेतापासून डांबरी रस्त्यापर्यंत लाल चिखल असतो. फुले पहाटे बाजारात पोहोचली नाहीत तर त्या दिवसाची तोडणी वाया जाते. काकांना रोज तेवढाच कच्चा रस्ता पार करायचा आहे, आणि तिथे लॉकच कामाला येईल.