बंदूक परवान्याची असली तरी नळी कापाल, तर किमान ७ वर्षं आत!

पूर्णगड : मुचकुंदीच्या मुखावरचं आमचं गाव, खारा वारा बारा महिने. कोयती गंजते, कौलाखालचे खिळे गंजतात, तिथे बंदुकीची नळी कशी सुटेल? मग राखणीला जाणारा एखादा विचारतो, "तोंडाशी गंजून चीर गेलीय. करवतीने दोन इंच उडवली तर काय बिघडतं? बंदूक माझी, परवाना माझ्या नावावर."

काम दहा मिनिटांचं आहे. पण शस्त्र अधिनियम, १९५९ चं कलम ६ सांगतं की परवानगी असल्याशिवाय कोणत्याही बंदुकीची नळी आखूड करायची नाही. बंदूक ठेवायचा परवाना वेगळा आणि नळी कापायचा वेगळा. २०१९ साली या कायद्यात दुरुस्ती झाली. त्याआधी नळी कापल्याची शिक्षा ३ ते ७ वर्षं होती. आता किमान ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप आणि वर दंड. आणि विनापरवाना साधी बंदूक घरात सापडली तर २ ते ५ वर्षं. म्हणजे परवाना असलेल्या शेतकऱ्याने आपलीच नळी कापली, तर परवाना नसलेल्यापेक्षा त्याला शिक्षा जास्त!

कायदा एवढा कडक का? आखूड बंदूक कपड्याखाली लपते. लांब नळीची बंदूक खांद्यावर घेऊन निघालेला माणूस अख्ख्या वाडीला दिसतो. कायद्याचा रोख कापलेली बंदूक घेऊन दरोडा घालणाऱ्यावर आहे, हे खरं. पण कलमात "शेतकऱ्याने गंज काढायला कापली तर चालेल" असं कुठेही लिहिलेलं नाही. दोघांना एकच माप लावणं मला स्वतःला पटत नाही. तरी ते कोर्टात सांगायची वेळ येईपर्यंत घरादाराचं काय होईल, हे आधी बघा.

आता २० इंचांचा घोळ. बऱ्याच जणांनी ऐकलंय की नळी २० इंच असली की झालं. हे अर्धंच खरं. काडतुसाच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीला (आपली बारा बोअर) साधा परवाना मिळायला नळी किमान २० इंच, म्हणजे साधारण ५१ सेंटीमीटर लागते. त्याहून आखूड असेल तर ती बंदूक नियमांच्या पहिल्या, कडक गटात जाते. माप नळीचं, दस्त्यासकट अख्ख्या बंदुकीचं नव्हे. पण ३० इंचांची नळी कापून २८ केली, तरी कलम ६ लागतंच. तिथे किती उरली हा प्रश्नच नाही, कापली की नाही एवढंच.

असा इंचांचा कायदा फक्त आपल्याकडे आहे असंही नाही. अमेरिकेत तर बंदुकांचं एवढं मोकळं, तिथेही १९३४ पासून आखूड नळीच्या बंदुकांची सरकारकडे नोंद करावी लागते. आज तिथे रायफलची नळी १६ इंचांपेक्षा कमी किंवा छऱ्याच्या बंदुकीची १८ पेक्षा कमी असेल, तर ती त्या यादीत येते. मोबाईलवरच्या रीलमध्ये रायफलसारखी दिसणारी आखूड पिस्तुलं असतात ना, त्यांचा तिथला वाद याच कायद्यातला. खांद्याला लावायचा दस्ता नसेल तर ते पिस्तूल, दस्ता बसवला की आखूड रायफल. लोकांनी मधला मार्ग काढला, दस्त्याऐवजी हाताला बांधायचा आधार लावला. २०२३ मध्ये सरकारने त्यातल्या बऱ्याच बंदुका रायफलमध्ये धरल्या, २०२४ मध्ये कोर्टाने तो नियम रद्द केला. आपल्याकडे दस्त्यावरून असं भांडण नाही. तेव्हा रील बघून ठासणीच्या बंदुकीवर प्रयोग करू नका.

शेतकऱ्याला कायद्यात हक्कही आहे, तो मात्र कोणी सांगत नाही. कलम १३ प्रमाणे पीक राखायला ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. ठासणीची पुरत नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तर काडतुसाची बंदूकही देता येते. पुरत नाही हे तर आपल्याला रोज दिसतं. एक बार काढून दारू-छरे पुन्हा ठासेपर्यंत डुकरं पलीकडच्या मळ्यात! अर्जात नुसतं "पीक संरक्षणासाठी" असं लिहून सोडू नका. ठासणीची का पुरत नाही ते लिहा, नुकसानीचा पंचनामा जोडा. आणि एक लक्षात ठेवा : बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. रानडुक्कर मारायला वनखात्याची परवानगी वेगळी लागते.

आजोबांच्या नावावरची बंदूक माळ्यावर पडून असेल, तर तिचंही बघा. परवानाधारक वारला, ७० वर्षांचा झाला किंवा त्याने बंदूक २५ वर्षं बाळगली असेल, तर वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. मुलगा मुंबईला आहे म्हणून हे काम वर्षानुवर्षं राहतं आणि बंदूक विनापरवाना होऊन बसते.

आणि नळीला चीर गेलेलीच असेल, तर आधी बार काढणं बंद करा, हातात फुटेल. बंदूक परवाना असलेल्या दुरुस्तीवाल्याकडे न्या, परवान्याचं पुस्तक सोबत ठेवा. कापल्याशिवाय गत्यंतर नाही असं तो म्हणाला, तर जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. लेखी परवानगी हातात येईपर्यंत करवत लावू नका, दुरुस्तीवाल्यालाही लावू देऊ नका.