खंडणी न देण्याची दंतकथा

उत्तर आफ्रिकेच्या ज्या किनाऱ्याला युरोपीय लोक बार्बरी म्हणत, तेथील राज्यांशी अमेरिकेच्या नवजात प्रजासत्ताकाने दिलेल्या झुंजीची एक कथा लोकप्रिय इतिहासांतून रूढ झाली आहे. युरोपातील बलाढ्य राजे ज्या चाच्यांना मुकाट्याने खंडणी भरत होते, त्यांना अमेरिकेने छदामही देण्याचे नाकारले आणि तोफांनी वठणीवर आणले, असे ही कथा सांगते. आणि पुराव्यादाखल, संरक्षणासाठी लाखो देऊ पण खंडणीसाठी एक सेंटही नाही, अशा आशयाची प्रसिद्ध घोषणा पुढे केली जाते. वस्तुतः ती घोषणा 1798 सालची असून तिचा रोख अल्जीयर्सवर किंवा त्रिपोलीवर नव्हता. फ्रान्सच्या परराष्ट्रमंत्र्याच्या हस्तकांनी अमेरिकी वकिलांकडे लाच मागितल्यामुळे उसळलेल्या संतापातून ती निघाली होती. ती गाजत होती त्या वर्षी हेच प्रजासत्ताक अल्जीयर्सला वार्षिक खंडणी देण्यास तहाने बांधलेले होते.

हा तह 5 सप्टेंबर 1795 रोजी झाला. त्यानुसार अमेरिकेने 6,42,500 डॉलर रोख देण्याचे आणि त्याखेरीज दरवर्षी 12,000 सेक्विन, म्हणजे सुमारे 21,600 डॉलर, किमतीचे जहाजबांधणीचे सामान पुरवण्याचे मान्य केले. भेटी, विलंबाची भरपाई आणि इतर मागण्या धरता एकूण खर्च 10 लाख डॉलरच्या घरात गेला. जे सामान पुरवायचे होते त्यानेच अल्जीयर्सची जहाजे सज्ज होणार होती, ही गोष्ट त्या काळच्या अमेरिकनांनाही बोचत होती.

कथेतला ‘चाचे’ हा शब्दही तपासून घ्यावा लागतो. मोरोक्को हे स्वतंत्र सुलतानाचे राज्य होते. अल्जीयर्स, ट्युनिस आणि त्रिपोली हे नावापुरते उस्मानी साम्राज्याचे प्रांत असून त्यांचे अधिपती अनुक्रमे दे, बे आणि पाशा या पदव्यांनी ओळखले जात. त्यांची लुटारू जहाजे राज्याच्या परवानगीने निघत, तह असलेल्या देशाचे परवाने पाहून ती जहाजे सोडून देत, आणि ज्या निशाणाशी तह नाही त्याच्याशी युद्ध चालू आहे असे मानत. भूमध्य समुद्राच्या उत्तर बाजूला माल्टाचे ख्रिस्ती सरदार मुसलमान खलाशांना पकडून वल्ही मारायला लावत, तेही याच रीतीने. दस्तक, म्हणजे समुद्रप्रवासाचा परवाना, न घेणारी जहाजे पकडणाऱ्या सरखेल कान्होजी आंग्र्यांना मुंबईकर इंग्रजांनी चाचा ठरवले, हे ठाऊक असलेल्या मराठी वाचकाने तरी हा शब्द कोणाच्या दप्तरातून आला हे आधी विचारले पाहिजे. यामुळे बंदिवानांच्या यातना उणावत नाहीत. मात्र ज्या राज्याशी तह होऊ शकतो, वकील ठेवता येतो आणि वचनभंगाचा जाब विचारता येतो, ते राज्य म्हणजे दरोडेखोरांची टोळी नव्हे, एवढे निश्चित होते.

दुसरा आक्षेपार्ह दावा असा की हे युद्ध धर्माचे होते. 1786 साली लंडनमध्ये त्रिपोलीच्या वकिलाने जॉन अ‍ॅडम्स आणि थॉमस जेफरसन यांच्यापुढे या लुटीचे समर्थन धर्माच्या आधारे केले होते, हे खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. परंतु तोच वकील त्याच बैठकीत शांततेचा दरही सांगत होता. अमेरिकेची बाजू तर लेखी उपलब्ध आहे. 1797 साली सेनेटने एकमताने मंजूर केलेल्या त्रिपोलीच्या तहाच्या अकराव्या कलमात, या देशाचे शासन कोणत्याही अर्थाने ख्रिस्ती धर्मावर आधारलेले नाही आणि मुसलमानांच्या धर्माशी त्याचे वैर नाही, असे नमूद आहे. हे कलम अरबी प्रतीत आढळत नाही, हा आक्षेप येथे गैरलागू ठरतो, कारण सेनेटपुढे इंग्रजी मजकूरच होता आणि प्रश्न अमेरिकेने स्वतःला काय म्हणवून घेतले याचा आहे. पुढे त्रिपोलीशी युद्ध चालू असताना, 1805 मध्ये, अमेरिकेच्या विल्यम ईटनने इजिप्तमधून वाळवंट ओलांडून देर्ना शहर घेतले, तेव्हा त्याच्यासोबत अमेरिकी नौसैनिक मूठभर, ग्रीक भाडोत्री काही डझन आणि उरलेले बहुतेक अरब होते. शिवाय ती मोहीम त्रिपोलीच्या पाशाच्याच भावाला, हामेत करामान्लीला, गादीवर बसवण्यासाठी निघाली होती.

सुसंस्कृत जग विरुद्ध गुलामगिरी ही मांडणी तर त्याहून दुबळी आहे, कारण 1790 च्या जनगणनेत याच प्रजासत्ताकात सुमारे 7 लाख गुलाम मोजले गेले. त्याच वर्षी, मृत्यूपूर्वी काही आठवडे, बेंजामिन फ्रँकलिनने एका काल्पनिक अल्जेरियन अधिकाऱ्याच्या तोंडी ख्रिस्ती लोकांना गुलाम ठेवण्याच्या बाजूची तीच कारणे घातली जी जॉर्जियाचा एक प्रतिनिधी काँग्रेसमध्ये आफ्रिकी गुलामांबद्दल देत होता.

आता मंडनाकडे वळताना पूर्वपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा मान्य करावा लागतो: खंडणीने मागण्या वाढतात. 1800 साली खंडणी पोचवायला गेलेल्या ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ या युद्धनौकेला अल्जीयर्सच्या देने आपले निशाण लावून कॉन्स्टँटिनोपलला नजराणे नेण्यास भाग पाडले. याहून मोठी मानहानी सांगता येणार नाही. पण ज्या काळात खंडणी देणे सुरू झाले त्या काळात दुसरा मार्ग कोणता होता? ब्रिटिश संरक्षण 1783 मध्ये संपले होते, क्रांतिकाळातील शेवटची युद्धनौका 1785 मध्ये विकली गेली, आणि राज्यांच्या सैल संघातील काँग्रेसला कर बसवण्याचाच अधिकार नव्हता. त्याच 1785 च्या उन्हाळ्यात अल्जीयर्सने दोन जहाजांवरचे 21 जण पकडले. त्यांतले जे जगले ते 1796 मध्ये सुटले. ही 11 वर्षे या इतिहासाचे खरे माप आहेत. त्या बंदिवानांपैकीच रिचर्ड ओब्रायन पुढे अल्जीयर्समध्ये आणि जेम्स कॅथकार्ट त्रिपोलीत अमेरिकेचा वाणिज्यदूत झाला, म्हणजे या किनाऱ्याची राजनीती अमेरिकेने बेड्यांतून शिकून घेतली.

पैशाने शांतता विकत मिळाली नाही, वेळ मिळाला. आणि तो वेळ वाया गेला नाही हेच येथे प्रतिपादायचे आहे. केवळ जहाजांनीही काम भागले नसते. 1801 मध्ये त्रिपोलीच्या पाशाने अमेरिकी वाणिज्यदूतावासाची ध्वजकाठी तोडून युद्ध पुकारले. त्यानंतर 31 ऑक्टोबर 1803 रोजी ‘फिलाडेल्फिया’ ही युद्धनौका खडकावर रुतली आणि तिच्यावरचे 300 हून अधिक लोक बंदिवान झाले. स्टीफन डिकेटरने ती नौका शत्रूच्या बंदरात शिरून जाळली, हे शौर्य निर्विवाद आहे. परंतु ती माणसे सुटली ती जून 1805 च्या तहाने आणि 60,000 डॉलर मोजून. त्या तहाने वार्षिक खंडणी टळली, पण हामेतला वाऱ्यावर सोडण्यात आले, आणि त्याची बायकामुले चार वर्षांपर्यंत ओलीस ठेवण्याची मुभा पाशाला एका गुप्त कलमाने दिली गेली. विजयाच्या कथांतून हे कलम वगळले जाते, ही गोष्ट क्षम्य नाही.

राहिला आरमाराचा प्रश्न. पोर्तुगाल आणि अल्जीयर्स यांच्यात 1793 मध्ये युद्धबंदी होताच अल्जेरियन जहाजे जिब्राल्टरबाहेर पडली आणि काही आठवड्यांत त्यांनी 11 अमेरिकी जहाजे पकडली. या धक्क्याने मार्च 1794 मध्ये सहा मोठ्या युद्धनौका, म्हणजे फ्रिगेट, बांधण्याचा कायदा झाला. अल्जीयर्सशी तह झाल्यास बांधकाम थांबवावे, असे त्यात कलम होते आणि खंडणीच्या तहाने ते लागूही झाले. तरी अध्यक्ष वॉशिंग्टन यांनी विषय पुन्हा काँग्रेसपुढे नेला आणि सहापैकी तीन नौका पूर्ण करण्याची मंजुरी मिळाली. 1815 च्या जून महिन्यात डिकेटरच्या ताफ्याने अल्जीयर्सचा नौदलप्रमुख रईस हमीदूचे जहाज स्पेनच्या किनाऱ्याजवळ गाठले, त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत खंडणी कायमची रद्द झाली आणि उलट अल्जीयर्सलाच 10,000 डॉलर भरपाई द्यावी लागली. त्या दिवशी हमीदूच्या जहाजावर सर्वांत आधी मारा सुरू केला तो ‘कॉन्स्टेलेशन’ने, आणि ही नौका खंडणी देऊन मिळालेल्या त्या शांततेत पूर्ण झालेल्या तिघींपैकी एक होती.