ठिपके आणि रेघ

धरमपेठेंत बसून पाऊस व कापूस यांचा ठिपक्यांचा आलेख संगणकावर काढणें आतां अगदीं सोपें झालें आहे. 'आर' नामक प्रणालींत 'एलएम' व 'ॲबलाइन' या दोन आज्ञा लिहितांच ठिपक्यांमधून सरळ रेघ निघते. आमचा आक्षेप रेघेवर नाहीं. तीवरून घाईनें दिल्या जाणाऱ्या सल्ल्यावर आहे, कारण त्या सल्ल्यावर बियाण्याचें कर्ज निघतें.

बरड जमिनीस जो पाऊस अपुरा पडतो, तोच भारी काळ्या जमिनींत पाणी सांचवून पऱ्हाटी पिवळी पाडतो. दोहोंचे ठिपके एकत्र केल्यास रेघ जवळजवळ आडवी निघावयाची, आणि पाहणारा म्हणणार कीं पावसाचा कापसाशीं संबंधच नाहीं! म्हणून प्रत्येक जमिनीची रेघ निराळी काढावी. भारी जमिनीची तर सरळच असेल असें आधीं धरूं नये. १९७३ सालीं ॲन्सकोम्ब यांनीं अकरा-अकरा ठिपक्यांचे चार संच मांडले. चोहोंची रेघ जवळजवळ एकच. पण एक संच वांकडा, आणि दोहोंत एकेकटा ठिपका रेघ आपल्याकडे ओढणारा.

तेव्हां सल्लागारांनीं रेघेआधीं ठिपके दाखवावेत, आणि ज्या पावसाचा एकही ठिपका कागदावर नाहीं, तेथवर रेघ लांबवून उत्पन्न सांगूं नये, एवढीच आमची मागणी आहे.