टोस्काला नवा गणवेश नको

पुच्चिनीचा ऑपेरा 'टोस्का' रंगमंचावर आणायचा म्हटलं की दोन मतं हमखास पुढे येतात. पहिलं असं की, हे एका मत्सरी गायिकेचं प्रेमप्रकरण आहे. राजकारण नावापुरतं, पोशाख, आवाज आणि शेवटची उडी सांभाळली की काम झालं. दुसरं मत नेमकं उलटं. 1800 सालच्या रोममध्ये आजच्या प्रेक्षकाला सत्ता ओळखू यायची नाही, म्हणून काळ बदला, पोलिसांना फॅसिस्टांचे गणवेश द्या. दोन्ही मतांच्या मुळाशी मला एकच चूक दिसते. राजकारण ही संगीताबाहेरची वस्तू आहे, असं दोघंही धरून चालतात. मग एक जण ते वगळतो आणि दुसरा ते बाहेरून आणून चिकटवतो.

पहिल्या मताला विद्वत्तेचं पाठबळ आहे. संगीत-अभ्यासक जोसेफ केर्मन यांनी 1956 मध्ये या ऑपेऱ्याची सवंग, सनसनाटी म्हणून संभावना केली आणि तो शिक्का अजून पुरता पुसलेला नाही. पण दुसरा अंक नीट ऐका. फार्नेझे राजवाड्यात रात्र झाली आहे. नेपोलियन हरल्याची बातमी आल्यामुळे खालच्या मजल्यावर राणीचा उत्सव चालू आहे आणि टोस्का तिथे विजयगीत गाते आहे. वर पोलीसप्रमुख स्कार्पिया तिच्या प्रियकराला, चित्रकार काव्हारादोस्सीला, फैलावर घेतो : पळालेला राजकैदी अँजेलोत्ती कुठे लपवलास? उघड्या खिडकीतून समूहगान आत येत राहतं, त्यावर टोस्काचा स्वर तरंगतो, आणि इकडे सवाल-जबाब चालूच. शेवटी स्कार्पिया वैतागून खिडकी लावून घेतो. गाणं तिथल्या तिथे तुटतं. थोड्याच वेळात बाजूच्या खोलीत छळ सुरू होतो. दरबारात गाणारी कलावंतीण आणि दरबाराची छळकोठडी एकाच छपराखाली आहेत, हे पुच्चिनीने शब्दांचा आधार न घेता ऐकवलं आहे. प्रेमप्रकरण एवढंच सांगायचं असतं, तर ही खिडकी लागलीच नसती.

याच अंकातली 'विस्सी द'आर्ते' ही एकल रचना तर राजकारणापासून दूर राहणाऱ्या कलावंताचा जाहीरनामा म्हणून मिरवली जाते. मी कलेसाठी जगले, कुणाचं वाईट चिंतलं नाही, मग देवा, माझ्याच वाट्याला हे का, असा तिचा आशय. टोस्का हे मनापासून म्हणते, यात मला शंका नाही. पण काही वेळापूर्वी तिने ज्या विजयाचं गाणं गायलं तो विजय खोटा होता. मारेंगोची लढाई नेपोलियनने जिंकल्याची बातमी दरम्यान येऊन धडकली आहे. तिची निरागसता खरी आणि तिचा स्वर सत्तेच्या कामी आला हेही खरं. दोन्ही एकाच गळ्यातून ऐकू आलं पाहिजे. नुसती करुणा आळवून टाळ्या घेणारी गायिका अर्धीच टोस्का गाते.

आता दुसरं मत. दिग्दर्शक जोनाथन मिलर यांनी 1986 मध्ये फ्लॉरेन्सला हे कथानक 1944 च्या, फॅसिस्ट पोलिसांच्या रोममध्ये नेलं. तो प्रयोग विचारी होता, आणि रोमने ते दिवस खरोखर भोगले होते. तरी माझा आक्षेप राहतोच. गणवेश ओळखीचा झाला की सत्ता 'त्या' लोकांची होते आणि प्रेक्षक सुटतो. राजकारण बाहेरून चिकटवण्याची ही हौस जुनी आहे : लेनिनग्राडमध्ये 1924 साली तर याच संगीतावर नवी संहिता चढवून गोष्ट पॅरिस कम्यूनमध्ये नेली होती. जुन्या पोशाखात सत्ता दिसत नाही, हे मराठी माणसाला तरी कुणी सांगू नये. खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकातल्या कीचकाला व्हाइसरॉय कर्झनची टोपी घालावी लागली नव्हती. प्रेक्षकांना कळलं आणि सरकारलाही कळलं, म्हणून तर 1910 मध्ये बंदी आली.

दिग्दर्शकाने सगळी ताकद लावावी ती तिसऱ्या अंकात. टोस्काच्या हातून मरण्यापूर्वी स्कार्पियाने वचन दिलेलं असतं की काव्हारादोस्सीवरचा गोळीबार खोटा असेल. पहाटे सांत'आंजेलो किल्ल्याच्या गच्चीवर टोस्का प्रियकराला पडायचं कसं ते शिकवते, रंगमंचावर मुरलेल्या नटीच्या आत्मविश्वासाने. बंदुका वाजतात, तो कोसळतो आणि ती त्याच्या अभिनयावर खूश होते. गोळ्या खऱ्या असतात. सत्तेनेही नाटकच बसवलं होतं, आणि ते नटीलाही ओळखता आलं नाही. ही जागा घाईत उरकणाऱ्या दिग्दर्शकाने काळ कोणताही निवडला, तरी फरक पडत नाही.

केर्मन यांचा सर्वांत कडक आक्षेप शेवटावर आहे : टोस्का किल्ल्यावरून उडी घेते तेव्हा वाद्यवृंद काव्हारादोस्सीच्या अखेरच्या गाण्याची धून गर्जतो, जी तिने ऐकलेलीच नाही. म्हणे नाट्याशी तिचा संबंध काय? संबंध आहे. हा ऑपेरा उघडतो स्कार्पियाच्या तीन दणदणीत स्वरसंघातांवर, पहिला अंक त्यांवरच संपतो, दुसऱ्या अंकाच्या शेवटी त्याच्या प्रेतापाशीही तेच घुमतात. टोस्का मरताना नाव घेते तेही त्याचंच. देवासमोर हिशेब करू म्हणते. वाद्यवृंद मात्र तिथे त्याचे स्वर वाजवायचं नाकारतो आणि चित्रकाराची धून उचलतो. शेवटचा शब्द सत्ताधाऱ्याला द्यायचा नाही, हा निर्णय पुच्चिनीने घेऊन ठेवला आहे. दिग्दर्शकाने तो ऐकावा.