डोळ्यांत तेल घालून

१६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावच्या प्राथमिक शाळेत मुले दुपारच्या जेवणाला बसली. भात आणि सोयाबीन-बटाट्याची भाजी असा साधा बेत होता. त्या पंगतीतील तेवीस बालके दगावली. तपासणीत तेलाच्या डब्यात आणि उरलेल्या अन्नात मोनोक्रोटोफॉस हे शेतात फवारायचे कीटकनाशक सापडले. तेलाविषयी स्वयंपाकिणीला शंका आली होती, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले. परंतु त्या शंकेपाशी क्षणभर थांबावे, असे कोणाला वाटले नाही. शिजलेले अन्न मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने चाखून पाहावे, हा नियम त्याही वेळी कागदावर होताच. २०१६ साली न्यायालयाने मुख्याध्यापिकेला कारावासाची शिक्षा ठोठावली. न्याय झाला, पण तेवीस घरांतील रिकामे पाट रिकामेच राहिले.

या घटनेत कोणी ठरवून विष कालवले नव्हते. तेथे होती ती केवळ बेपर्वाई, आणि म्हणूनच ती अधिक अंतर्मुख करणारी आहे. भेसळ करणारा दुष्ट असतो, त्याला पकडावे, शिक्षा करावी, असे म्हणून समाज मोकळा होतो. मात्र अन्नातून होणारे पुष्कळसे अनर्थ दुष्टाव्यापेक्षा ‘एवढ्याने काय होते?’ या वृत्तीतून जन्म घेतात. डबा कशाचा होता हे पाहायचे राहिले, हात धुवायचे राहिले, तेल बदलायचे राहिले. प्रत्येक चूक क्षुल्लक असते, पण परिणाम तसा राहत नाही.

दुसरे उदाहरण १९९८ सालचे. दिल्लीत मोहरीच्या तेलातून जलोदरासारख्या सूज आणणाऱ्या व्याधीची साथ पसरली आणि साठांहून अधिक माणसे मरण पावली. त्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचे तेल मिसळलेले होते. माळरानावर आपोआप उगवणाऱ्या या काटेरी झुडपाचे बी दिसायला थेट मोहरीसारखे. शेतातील तण वेळीच उपटणारा शेतकरी, घाण्यावर येणारे पोते ओतून पाहणारा कारागीर, नमुना तपासणारा अधिकारी आणि सुटे तेल घेताना प्रश्न विचारणारा ग्राहक, या साखळीतील एक जरी कडी जागी असती, तरी कितीतरी जीव वाचले असते. ‘डोळ्यांत तेल घालून’ पाहणे हा आपल्या भाषेतील वाक्प्रचार. तेलाच्याच बाबतीत तो विसरला जावा, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल.

वास्तविक या विषयातील जागरूकता भारताला नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धान्य, तेल-तूप, क्षार, मीठ, सुगंधी द्रव्ये आणि औषधे यांत त्याच रंगरूपाचे हलके द्रव्य मिसळणाऱ्यास बारा पण दंड सांगितला आहे. भेसळ ही ‘सारखी दिसणाऱ्या’ वस्तूचीच होते, हे मर्म त्या शास्त्रकाराने नेमके हेरले होते. त्याहूनही मोठी व्यवस्था घराघरांत नांदत होती. तांदूळ निवडल्याशिवाय आधणात पडत नसे. डाळ पाखडली जाई, पीठ चाळले जाई. लोणच्याची बरणी उन्हात खडखडीत वाळल्याखेरीज भरली जात नसे आणि ओला चमचा तिच्यात घालणाऱ्याची धडगत नसे. पितळी भांड्याची कल्हई उडाली की त्यात आंबट पदार्थ शिजवायचा नाही, हे शाळेची पायरी न चढलेल्या आजीलाही ठाऊक होते. आज ज्याला गुणवत्ता-नियंत्रण म्हणतात, ते तेव्हा स्वयंपाकघरातील वळण होते. घरातले स्वयंपाकघर बाजारात गेले, पण ते वळण त्याच्यासोबत गेले नाही.

ते नेता येते, याचा पुरावा मुंबईतच आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला प्रारंभ केला. ‘लिज्जत’चा उगम तो. आरंभी चांगला आणि थोडा हलका असे दोन प्रकारचे पापड काढण्याचा त्यांचा विचार होता. भांडवल देणाऱ्या छगनबाप्पा पारेख यांनी सल्ला दिला, की प्रत एकच ठेवा आणि तिच्याशी तडजोड करू नका. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, तेव्हा अर्धओला माल खपवण्याऐवजी त्या भगिनींनी काम थांबवले. पुढच्या वर्षी खाट आणि शेगडी आणून, खाटेवर पापड व खाली शेगडी अशी युक्ती केली. आज हजारो भगिनी आपापल्या घरी पापड लाटतात. तरीही चव एकच राहते, कारण पीठ केंद्रावर ठरल्या प्रमाणात मळले जाते, लाटलेला पापड परत आल्यावर तपासला जातो आणि ज्या घरात तो लाटला जातो तेथील स्वच्छतेवरही लक्ष असते. ही शिस्त सामान्य घरांतील स्त्रियांनी उभी केली आहे. २०२१ साली जसवंतीबेन पोपट यांना मिळालेली पद्मश्री ही त्या शिस्तीचीही पूजा होती.

योगायोग असा, की त्याच १९५९ साली अमेरिकेत अंतराळवीरांच्या अन्नाचा विचार सुरू झाला होता. अंतराळात कोणाला अन्नविषबाधा झाली, तर वैद्य कोठून आणायचा? तयार अन्न तपासून खात्री करावी, तर खात्रीपुरते तपासण्यातच बहुतेक अन्न संपून जाई. तेव्हा पिल्सबरी कंपनी आणि ‘नासा’ यांनी दृष्टीच बदलली. शेवटी तपासण्याऐवजी कच्च्या मालापासून वेष्टनापर्यंत धोका कोठे शिरू शकतो ती स्थाने हेरायची, तेथे मर्यादा ठरवायच्या आणि प्रत्येक वेळी नोंद ठेवायची. ‘हॅसप’ नावाने ही पद्धत पुढे जगभर रूढ झाली. बरणी आधी वाळवणाऱ्या आजीला तिचे मर्म सांगावे लागले नसते. दोष वस्तूत शिरल्यावर शोधण्यापेक्षा त्याची वाट आधीच अडवणे, एवढेच ते मर्म.

कायदा आपल्याकडेही आहे. १९५४ च्या भेसळ प्रतिबंधक कायद्याची जागा २००६ च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याने घेतली आणि २०११ पासून तो देशभर अमलात आला. तळणीच्या तेलातील ध्रुवीय घटक पंचवीस टक्क्यांवर गेले की ते तेल टाकून द्यावे, हे बंधन १ जुलै २०१८ पासून आहे. छपाईच्या शाईतील घातक द्रव्ये अन्नात उतरतात, म्हणून वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधण्यास २०१८ च्या नियमांनी मनाई केली. तरी काळ्याभोर तेलातला वडा जुन्या वर्तमानपत्रात बांधून घेताना सुशिक्षित हातही कचरत नाही. निरीक्षक गाडीगाडीपाशी उभा राहू शकत नाही. गिऱ्हाईक मात्र प्रत्येक गाडीपाशी उभे असते.

छोट्या विक्रेत्यावर नियमांचा बोजा टाकणे अन्यायाचे आहे, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. तपासणीच्या नावाखाली होणारी अडवणूक अनेकांनी सोसली आहे. पण स्वच्छ कागद, झाकलेले पाणी आणि वेळेवर बदललेले तेल यांना फार मोठे भांडवल लागत नाही. जो थोडा खर्च वाढतो, तो सोसण्याची तयारी ग्राहकाने दाखवली पाहिजे. स्वस्तातला स्वस्त माल मागायचा आणि शुद्धतेची अपेक्षाही ठेवायची, हा दुटप्पीपणा आहे. शिवाय हा प्रश्न आता गल्लीपुरता उरलेला नाही. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँगने एथिलीन ऑक्साइड आढळल्याचे सांगत काही भारतीय मसाल्यांची विक्री थांबवली, तेव्हा ज्या मसाल्यांच्या शोधात जग या भूमीकडे आले, त्यांच्याच शुद्धतेवर प्रश्नचिन्ह उमटले. ‘स्वदेशी’ हा शब्द वेष्टनावर छापून भागत नाही. तो आतल्या वस्तूने खरा करावा लागतो.

उत्सवांतील महाप्रसाद, वसतिगृहांचे भोजन, शिबिरांतील पंगती ही कामे कार्यकर्त्यांच्याच हातांनी होतात. तेथून आरंभ करता येईल. सकाळी शिजवलेला भात दुपारपर्यंत कोमट ठेवू नये; तो वाफाळता ठेवावा, नाहीतर त्वरित थंड करावा. खव्याचे व दुधाचे पदार्थ उन्हाळ्यात वाढण्याच्या वेळेपुरतेच बाहेर काढावेत. पाण्याची टाकी कधी धुतली, तेल कोणत्या डब्यातून आले, अन्न प्रथम कोणी चाखले, याची एक वही ठेवावी. आणि वाढपी, आचारी किंवा भांडी घासणारी बाई, कोणीही ‘याला वास येतो आहे’ असे म्हणाले, तर पंगत थांबवण्याचा अधिकार त्या व्यक्तीला असावा.

गंडामनच्या शाळेत शंका उपस्थित झाली होती. तिला मान देणारी व्यवस्था तेवढी नव्हती. अन्नाला पूर्णब्रह्म म्हणणाऱ्या समाजाने ती व्यवस्था उभी करणे, हीच त्या तेवीस बालकांना खरी श्रद्धांजली ठरेल.