विश्लेषण : आजोबांची जीप पुन्हा रस्त्यावर आणता येते का? अडचण इंजिनात की कागदात?

धाराशिव जिल्ह्यात कुठे वाड्याच्या अंगणात, कुठे शेतातल्या गोठ्यालगत ताडपत्रीखाली एखादी जुनी जीप उभी असते. ज्यांनी ती घेतली ते आजोबा आता नाहीत. नातू पुण्यात, दुबईत किंवा टेक्सासमध्ये. तो सुट्टीत गावी येतो, ताडपत्री काढतो आणि मिस्त्रीच्या हातात आगाऊ रक्कम ठेवून परत जातो. वर्षभरात पत्राकाम होते, रंग होतो, इंजिनही सुरू होते. मग आरटीओत गेल्यावर कळते, की काम उलट्या टोकापासून सुरू केले होते.

ही अमेरिकी वाहने आली कुठून?

बहुतेक मुंबईहून. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला जुळणी कारखाना काढला होता, तो १९५४ मध्ये बंद झाला. मूळ सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या परवान्याने डॉज, प्लायमाउथ मोटारी आणि डॉज, फार्गो ट्रक तयार झाले. महिंद्रने १९४०च्या दशकाच्या अखेरीस माझगावला विलिस जीप जुळवायला सुरुवात केली. उंच बॉनेटची ‘सीजे-३बी’ अमेरिकेत १९६८ मध्ये थांबली, आपल्याकडे त्याच धाटणीच्या जीप पुढे कितीतरी वर्षे निघत राहिल्या. त्यामुळे गावाकडची ‘विलिस’ पुष्कळदा महिंद्रची असते. यात कमीपणा काही नाही, उलट सुटे भाग मिळायला ते सोयीचेच.

१५ वर्षांनंतर गाडी भंगारातच जाते?

नाही. हा गैरसमज दिल्लीच्या बातम्यांमुळे पसरला. १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल वाहनांवरचे निर्बंध राजधानी परिसरासाठी होते. धाराशिवमध्ये खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांनंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. मात्र शुल्क चढत गेले आहे. एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी ते ६०० वरून ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने २० वर्षांपेक्षा जुन्या हलक्या वाहनांसाठी १०,००० रुपये केले. नोंदणी पुस्तकात गाडी ‘आयात’ असेल, तर चारचाकीसाठी ८०,००० रुपये. विलंब शुल्क आणि राज्याचा पर्यावरण कर वेगळा. आजोबांची जीप मुंबईत जुळवलेली की बाहेरून आलेली, हा प्रश्न त्यामुळे केवळ हौसेचा राहत नाही.

मग ‘व्हिंटेज’ नोंदणी का घेऊ नये?

केंद्राने जुलै २०२१ मध्ये यासाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेले वाहन त्यात बसते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, १० वर्षांनी फेरनोंदणीला ५,००० रुपये. नव्याने नोंदलेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. जुनी नोंदणी असेल तर मूळ क्रमांक ठेवता येतो.

ऐकायला छान, पण मराठवाड्यातील गाड्या इथेच अडकतात. एक तर ही व्याख्या खासगी वापराच्या दुचाकी आणि प्रवासी मोटारींपुरती आहे. मालवाहू म्हणून नोंदलेला जुना पिकअप किंवा ट्रक त्यात येत नाही, मग तो कितीही देखणा का असेना. दुसरे, चासी, सांगाडा किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा, अशी अट आहे. आपल्याकडे पेट्रोल परवडत नाही म्हणून कित्येक जीपना डिझेल इंजिन बसवले गेले, मागे बाक वाढवून सवाऱ्या वाहिल्या गेल्या. ज्या जुगाडाने त्या जीप जगल्या, त्याच जुगाडाने त्या ‘व्हिंटेज’मधून बाद होतात. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर संस्थानिकांच्या मोटारी असाव्यात, उमरग्याच्या आठवडी बाजाराला जाणारी जीप नव्हे, असे वाटल्याशिवाय राहत नाही.

शिवाय व्हिंटेज वाहन रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ते रस्त्यावर आणता येते. शेतावर चक्कर मारायची असेल, तर साधे नूतनीकरणच बरे. तिथेही नोंदणी पुस्तकात पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल असेल, तर आधी परवानगीचा आणि नोंदीचा प्रश्न सोडवावा लागतो. वाहनाच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे फेरफार चालणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे.

लिलावातून दुसरी जीप घेतली तर?

पूर्वी अनेकांनी तहसील, पंचायत समितीच्या लिलावातून जीप घेतल्या. तो रस्ता आता जवळपास बंद आहे. एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी वाढवली जात नाही, ती अधिकृत भंगार केंद्राकडेच जातात.

मालक हयात नाहीत, वारस परदेशात...

खरी गाठ इथे आहे. मालकाच्या निधनानंतर ३० दिवसांत आरटीओला कळवून तीन महिन्यांत नमुना ३१ भरणे अपेक्षित असते. आपल्याकडे सातबाऱ्यावर वारस लागायलाच वर्षे जातात, जीपकडे कोण पाहतो? मृताच्या नावावर असलेल्या गाडीचे नूतनीकरण होत नाही. म्हणून आधी वारसनोंद, इतर वारसांची संमती, मग बाकी सगळे. त्यात चुलते, आत्या, बहिणी सगळे आले. नातू परदेशात असेल तर गावातील भावाच्या किंवा वडिलांच्या नावावर गाडी करणे सोपे पडते, कारण तपासणीला वाहन दर वेळी प्रत्यक्ष न्यावे लागते. जुनी नोंद ‘वाहन’ संगणक प्रणालीत नसेल, तर ती आधी चढवून घ्यावी लागते आणि त्यासाठी मूळ नोंदणी पुस्तक जपलेले असावे लागते.

मिस्त्रीकडे गाडी देण्यापूर्वी आणखी एक गोष्ट. चासीवरचा क्रमांक कुठे आहे ते शोधून त्यावर कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्यावी, फोटो काढावा आणि तो नोंदणी पुस्तकाशी ताडून पाहावा. गंज खरवडताना, तुकडा कापून नवा जोडताना हाच आकडा पुसला जातो. तो गेला, की समोर उभी असलेली जीप तीच आहे हे सिद्ध करणे फार अवघड होऊन बसते.