टाळ बाहेर ठेवा म्हणणाऱ्यांस

गेल्या नाताळाच्या आधी आमच्या मंडळीच्या पंचांची सभा भरली होती. हिशेब झाला, छपराच्या गळतीचा विषय झाला, आणि मग एक सुशिक्षित गृहस्थ उभे राहिले. त्यांचे म्हणणे असे, की उपासनेत गाण्यावर फार वेळ जातो. टाळ-तबल्याची ती जुनी भजने आता बंद करावीत. एक तर ती देवळातली वाटतात, आणि दुसरे म्हणजे तरुण मुलांना ती आवडत नाहीत. त्यांच्या जागी एक चांगला वाद्यवृंद उभा करावा, पडद्यावर शब्द दाखवावेत, म्हणजे उपासनेला काही शोभा येईल. सभेत माना डोलल्या. मी त्या दिवशी गप्प बसलो. त्याची लाज अजून वाटते, आणि तेव्हा जे बोलायला हवे होते ते आज लिहून काढतो.

पहिला आक्षेप देवळाचा. टाळ देवळातला, म्हणून तो ख्रिस्तमंदिरात नको. बरे, मग पेटी कोठली? पेटीचे मूळ यंत्र पॅरिसमध्ये दब्यँ नावाच्या कारागिराने १८४२ साली आपल्या नावावर नोंदवले. ते आपल्याकडे आले ते बरेचसे गोऱ्या पाद्र्यांच्या सामानातून. पुढे कलकत्त्यास द्वारकानाथ घोष यांनी मांडी घालून एका हाताने भाता मारता येईल असे तिचे रूप केले, आणि ती कीर्तनकाराच्या शेजारी जाऊन बसली. आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके तिला परकी म्हणून दाराबाहेर ठेवले. पण विठ्ठलमंदिरातल्या भजनी मंडळाने तिला कधी हाकलले नाही. म्हणजे पाहा, आमच्या घरची पेटी त्यांनी विनातक्रार आपलीशी केली, आणि त्यांच्या घरचा टाळ मात्र आम्हांला विटाळतो! शुद्धतेचे हे गणित मला तरी सुटत नाही.

आणि हा टाळ आमच्याकडे काल-परवा आलेला नाही. फादर स्टीफन्स हा जन्माने इंग्रज, पंथाने जेझुइट. तो १५७९ साली गोव्यास आला. ख्रिस्ताची कथा येथल्या माणसांना सांगायची तर ती ओवीतच सांगितली पाहिजे, हे त्याला चारशे वर्षांपूर्वी कळले, आणि १६१६ साली त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. तिकडे नगरला अमेरिकन मिशनच्या मंडळीत कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. मग आले रेव्हरंड नारायण वामन टिळक. कोकणातल्या करजगावी १८६१ साली जन्मलेल्या या चित्पावन ब्राह्मणाचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईस झाला. आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो ते तुकोबांच्या पुलावरून, असे ते सांगत. ज्या पुलावरून आमचा सर्वांत मोठा कवी चालत आला, तो पूल मोडून टाका असे आता आम्हांला सांगितले जात आहे. तेही एका ठरावाने, चहा येण्याच्या आत.

दुसरा मुद्दा अधिक वजनदार दिसतो. काही विद्वान म्हणतात, ख्रिस्ती लोकांची एकी सिद्धान्तांवर उभी राहिली पाहिजे. गाण्याने काय होणार? गाणे म्हणजे ताटातले लोणचे. मी विचारतो, सिद्धान्तांनी आजवर काय केले? आमच्याच प्रांताचा इतिहास पाहा. नगरला अमेरिकन, पुण्यास स्कॉटिश, नाशिकला इंग्लंडचे चर्च मिशन, शिवाय मेथडिस्ट आणि मुक्तिफौज. ज्या गावी जो साहेब आधी पोहोचला, त्या गावचे लोक त्याच्या पंथाचे झाले. बिशप असावा की नसावा, लेकरांना बाप्तिस्मा द्यावा की मोठ्यांनाच, हे तंटे इंग्लंड-अमेरिकेत पिकले आणि येथे निवडुंगासारखे आणून लावले गेले. ते मिटवण्याची बोलणी १९२९ साली सुरू झाली आणि उत्तर भारताची संयुक्त मंडळी नागपुरास जन्मली ती २९ नोव्हेंबर १९७० रोजी. एक्केचाळीस वर्षे! एवढे होऊन मेथडिस्ट शेवटच्या घटकेस बाजूला झाले ते झालेच.

आता ‘उपासना संगीत’ या पदांच्या पुस्तकाकडे पाहा. नागपुरास सह्या होण्याच्या कितीतरी आधीपासून नगरचा काँग्रिगेशनल आणि नाशिकचा अँग्लिकन टिळकांचीच पदे गात होता. पद गाताना कोणी कोणाला विचारले नाही, की तुमच्याकडे बिशप आहे काय. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी, की एका ब्राह्मणाने रचलेली पदे नगर जिल्ह्यातल्या महारवाड्या-मांगवाड्यांतून आलेल्या माणसांच्या तोंडी बसली, त्यांच्या लग्नांत वाजली, त्यांच्या मातीवर म्हटली गेली. ज्या समाजात पाणवठा एक नव्हता, त्या समाजात पद एक झाले. हे कोणत्या सिद्धान्ताने केले असते?

इंग्रजांकडेही हाच अनुभव. टॉपलेडी आणि वेस्ली यांचा दैवी निवडीवरून उभा दावा. टॉपलेडीने जॉन वेस्लीवर इतकी जहरी पत्रके लिहिली, की वाचवत नाहीत. पण टॉपलेडीचे ‘रॉक ऑफ एजेस’ आणि जॉनचा भाऊ चार्ल्स वेस्ली याची पदे आज एकाच पुस्तकात, एकाच बांधणीत, शेजारी शेजारी बसली आहेत. त्यांची भांडणे पंडितांच्या कपाटात गेली. लोकांनी गाणी तेवढी ठेवून घेतली.

मी गाण्याची फुकट वकिली करतो असे कोणी म्हणू नये, म्हणून उलट बाजूही सांगतो. गाण्याने सारे झाले असे नाही. एकत्र गाऊन बाहेर पडल्यावर सोयरीक जुळवताना जुनी जात विचारणारे लोक मी पाहिले आहेत. मिशनच्या जागांवरून भाऊ भावाला कोर्टात खेचतो आणि रविवारी दोघे एकाच बाकावर ‘प्रभू, तुझाच मी’ असल्या अर्थाचे काही गातात, हेही पाहिले आहे. पण येथे दोष गाण्याचा नव्हे. गाणे आपल्याला आपण कसे असावे ते दाखवते, आणि बाहेर पडल्यावर आपण तसे नसतो. आरसा तोंड धुऊन देत नाही म्हणून कोणी आरसा फोडत नाही.

काही वर्षांपूर्वी वसईस एका कॅथलिक स्नेह्याच्या अंत्यविधीस गेलो होतो. तेथली मिस्सा मराठीत. हीही तशी नवी गोष्ट. ४ डिसेंबर १९६३ रोजी व्हॅटिकनच्या परिषदेने उपासनेविषयीचा लेख मंजूर केला, लोकभाषेला दार उघडले, आणि ज्या त्या लोकांच्या संगीतपरंपरेला मान द्यावा असेही त्यात म्हटले. त्याआधी वसईच्या शेतकऱ्याचा देव लॅटिन ऐके. असो. प्रभुभोजनाची वेळ आली, तसे लोक रांगेने पुढे गेले. मी प्रोटेस्टंट; त्यांच्या नियमाने मला ती भाकर नाही. मी जागीच उभा राहिलो. परकेपणाने अंग चोरले. एवढ्यात भजन सुरू झाले, आणि ते मला लहानपणापासून पाठ होते! मी गाऊ लागलो. शेजारची म्हातारी, लुगड्याचा पदर डोळ्यांना लावून गात होती, तिने माझ्याकडे पाहिले आणि जरा सरकून मला जागा दिली. चारशे-पाचशे वर्षांच्या भांडणाने माझी भाकर अडवून धरली होती. गाणे मात्र त्याला अडवता आले नाही.

आणि सांत्वनाचे काय? माझी आई शेवटच्या दोन वर्षांत माणसे विसरली. मला ती ‘काका’ म्हणे. पाळकांनी येऊन शास्त्रवचने वाचली, तिने भिंतीकडे पाहिले. मग माझ्या धाकट्या बहिणीने तिच्या उशाशी बसून, हातावर ताल धरून, टिळकांचे एक पद सुरू केले. दुसऱ्या ओळीला आईचे ओठ हलले. तिसऱ्या ओळीला आवाज निघाला. पुरे पद तिने म्हटले, एक शब्द न चुकता, आणि शेवटी नेहमीप्रमाणे बहिणीला म्हणाली, “जरा खालच्या पट्टीत घे ग.” मुलाचे नाव गेले होते, पण पट्टी राहिली होती! ते पद तिने कोठल्याही पडद्यावर वाचले नव्हते. तिच्या आईने जात्यावर बसून तिच्या कानात घातले होते.

म्हणून माझा विरोध गिटारीला नाही. गिटार काय नि वीणा काय, तारा त्या ताराच. माझा विरोध आहे तो मंडळीला श्रोते बनवण्याला. व्यासपीठावर पाच जण गातात, भोंगे छाती दडपतात, आणि बाकावरची दोनशे माणसे ओठ मिटून पाहतात. त्याला जलसा म्हणावे. उपासना म्हणू नये. माझी कसोटी साधी आहे : वीज गेली तर गाणे चालू राहते काय? मागच्या बाकावरच्या आजीबाईला ते येते काय? आणि उद्या तिच्याच उशाशी ते कोणाला म्हणता येईल काय? ज्या गाण्याला या तीन प्रश्नांची उत्तरे देता येतात, ते खुशाल काल रचलेले असो.

या अंकाचा वाचक म्हणेल, हा तुमच्या घरचा वाद, आम्हांला काय त्याचे? आहे, महाराज, तुम्हांलाही आहे. काकड्याला उठून गाणारी माणसे कमी झाली आणि मिरवणुकीतले भोंगे वाढले, ही तक्रार मी तुमच्याच तोंडून ऐकतो. देव वेगळे असतील. मुकेपणा एकच आहे.

पंचांची सभा पुन्हा भरणार आहे. या वेळी मी तीन सूचना मांडणार. गावातल्या सगळ्या पंथांच्या मंडळ्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ एकत्र भजनाला बसावे. प्रत्येक मुलाला दृढीकरणाआधी बारा पदे पाठ यावीत. आणि दर रविवारी शेवटचे पद भोंगा बंद करून म्हणावे, म्हणजे आपल्यात किती आवाज शिल्लक आहे ते एकदा आपल्यालाच कळेल. ठराव फेटाळला गेला तर मी तक्रार करणार नाही. आईचे टाळ पिशवीत घालून नेणार आहे, सभा संपल्यावर पायरीवर बसेन. कोणी येऊन बसले तर बसले.